शेतकरी आठवडे बाजार: आधी भाजी आणा, मग मेनू ठरवा

आठवड्याची भाजी एकदाच आणायची आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून घरी येताना "आज काय करायचं" हा प्रश्न डोक्यात घेऊन यायचं नाही, एवढंच ज्यांना हवंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. पुण्यात बऱ्याच भागांत आठवड्यातून एकदा शेतकरी बाजार भरतो, प्रत्येक ठिकाणचा वार वेगळा. आमच्या भागातला रविवारी सकाळी असतो आणि गेली काही वर्षं आमची भाजी तिथूनच येते. घरात चार माणसं, मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासूबाई, दोन्ही वेळचा स्वयंपाक घरीच होतो आणि शिवाय तीन डबे. आमचा बाजार कोणता ते नाव घालून लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडे असंच आहे, तुमच्या जवळचा शोधा आणि तिथे जा.

भाजीसाठी या बाजाराला मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी हे बाजार आले कुठून ते थोडक्यात. २०१६ साली राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, म्हणजे शेतकऱ्यानं माल समितीच्या आवारातच नेऊन विकला पाहिजे ही सक्ती गेली, आणि त्याच सुमाराला संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान सुरू झालं. राज्याचं पणन मंडळ त्याच्या मागे आहे, आणि माल आणतात शेतकऱ्यांचे गट नाहीतर शेतकरी कंपन्या. नाव किती योग्य ठेवलंय बघा, अरणच्या आपल्या मळ्यात राबता राबता तिथेच विठ्ठल बघणारा हा संत, भाजीच्या बाजाराला याहून चांगलं नाव कुठून आणणार.

आता आपल्याला गिऱ्हाईक म्हणून याचा काय उपयोग, तर भाजीचे मधले दिवस वाचतात. नेहमीच्या रस्त्यानं येणारी भाजी शेतातून निघते, टेम्पोतून रात्री गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येते, पहाटे विकली जाते, तिथून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे किंवा मोठ्या दुकानाच्या गोदामात जाते, आणि आपण पिशवीत घालेपर्यंत तिचे एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त गेलेले असतात. इथे शनिवारी दुपारी काढलेली मेथी रविवारी सकाळी आपल्या हातात असते. लोक या बाजाराचं कौतुक करताना स्वस्ताई सांगतात, पण माझ्या मते खरा फायदा हाच आहे, कारण ज्याला आठवडाभराची भाजी भरून ठेवायचीय त्याला हे दोन दिवस फार मोठे असतात. गुरुवारी फ्लॉवरवर काळे ठिपके येतात की नाही ते या दोन दिवसांवर ठरतं.

आता मुख्य मुद्दा. आठवड्याच्या जेवणाचं प्लॅनिंग म्हणून जे काही सांगितलं जातं, त्यात आधी सात दिवसांचा मेनू लिहा, मग त्यावरून यादी करा, मग यादी घेऊन बाजारात जा असा क्रम असतो. सुपरमार्केटमध्ये बारा महिने तीच भाजी त्याच फळीवर मिळते तिथे हे ठीक आहे. शेतकरी बाजारात हे चालत नाही आणि चालवायला जाऊही नये. तुम्ही घरून मंगळवारी ढोबळी मिरची असं लिहून नेलंत आणि त्या दिवशी ढोबळी दोनच ठिकाणी आहे, तीही मऊ पडलेली, आणि शेजारीच टवटवीत पडवळ ढिगानं पडलंय, तर ढोबळी घेण्यात काहीच अर्थ नाही. त्यामुळे आमच्याकडे उलटं चालतं, बाजार काय देतो ते बघायचं, ते आणायचं, आणि घरी आल्यावर चहा घेत सगळी भाजी समोर मांडून मग वार ठरवायचे. यादीत मी भाज्यांची नावं लिहीतच नाही. लिहिते ते असं: पालेभाज्या दोन किंवा तीन, शेंगभाजी एक, फळभाज्या तीन, आठवडाभर टिकणारी एक-दोन, कोशिंबिरीचं काहीतरी, आणि मग कांदे, बटाटे, टोमॅटो, मिरच्या, कोथिंबीर, आलं, लिंबं. यात कुठल्या खान्यात काय बसवायचं ते बाजार ठरवतो.

आणि वार कसे ठरवायचे, तर जी आधी खराब होणार ती आधी. हे काही नवीन नाही, आपल्या आया-आज्या हेच करायच्या, पण त्या रोज किंवा एक दिवसाआड मंडईत जायच्या, आपल्याला सात दिवस ओढायचेत म्हणून जरा नीट बसून करावं लागतं.

रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी पालेभाजी. मेथी, पालक, शेपू, चाकवत, आंबट चुका, लाल माठ, जे मिळेल ते. पानांतून पाणी पटकन उडतं, म्हणून ती पहिली सुकतात. शेपू असेल तर मुगाची डाळ घालून, चाकवत असेल तर ताकातला, आणि मुळा आणला असेल तर त्याचा पाला पण सोमवारीच संपवायचा, मुळा स्वतः शुक्रवारपर्यंत थांबतो पण पाला थांबत नाही. पाला मुळ्याला तसाच ठेवला तर तो मुळ्यातलं पाणी ओढून घेतो आणि मुळा पोचट होतो, तेव्हा घरी आल्या आल्या वेगळा करा. गाजरालाही हेच.

मंगळवारी भेंडी किंवा गवार. भेंडी दिसते टणक पण तिला जपावं लागतं, फार थंडी सोसत नाही आणि ओल तर अजिबात नाही, त्यामुळे आणल्यावर धुवायची नाही, फडक्यावर पसरून कोरडी करायची आणि कागदात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची. बुधवारच्या पुढे नेऊ नका. गवार, घेवडा एखादा दिवस जास्त चालतात. आमच्याकडे गवारीला दाण्याचं कूट आणि गूळ लागतोच.

बुधवारी वांगी, दोडका, तोंडली, पडवळ यातलं काहीतरी. वांगी पण फार गार ठेवली की आतून काळपट पडतात, थंडीच्या दिवसांत मी ती बाहेरच टोपलीत ठेवते. दोडका आणला तर शिरांची चटणी धरून चाला, तो एक तोंडीलावण्याचा प्रश्न मिटला.

गुरुवारी कडधान्य, आणि हा माझ्या मते सगळ्या आठवड्याचा कणा आहे. आठवड्याची भाजी पुरत नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक घरांत कडधान्याचा दिवस ठरलेलाच नसतो, कधीतरी आठवण झाली की मटकी भिजते. ती ठरवूनच भिजवायला हवी. मंगळवारी रात्री भिजत घालायची, बुधवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची, गुरुवारी सकाळी चांगले मोड आलेले असतात. मूग लवकर मोडावतो, हुलगे आणि वाल जरा जास्त वेळ खातात आणि वालाची सालं काढायला कोणीतरी बसावं लागतं, ते काम आमच्याकडे आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, टीव्हीसमोर बसून अर्ध्या तासात बिरडं सोलून देतात. पावसाळ्यात थंड हवेत मोड यायला वेळ लागतो, तेव्हा अर्धा दिवस आधी सुरुवात करा.

शुक्रवारी कोबी, फ्लॉवर, दुधी किंवा लाल भोपळा. हे सगळे टिकाऊ. अख्खा लाल भोपळा तर बाहेर कितीतरी दिवस राहतो, कापलेला मात्र बिया आणि आतला मऊ गर काढून फ्रीजमध्ये. शनिवारी उरलंसुरलं, म्हणजे अर्धा कोबी, दोन गाजरं, चार फरसबीच्या शेंगा यांचं सांबार नाहीतर पावभाजी, आणि काहीच उरलं नसेल तर पिठलं-भाकरी आणि कांदा, किंवा उन्हाळ्यात घातलेल्या सांडग्यांची आमटी. सांडगे ही वस्तू शहरातल्या घरांनी परत आणायला हवी असं मला मनापासून वाटतं. भाजी संपलेल्या शनिवारी तेवढा आधार दुसऱ्या कशाचाच नाही.

हे सगळं लिहायला आम्ही वेगळी वही, ॲप, फ्रीजवरचा बोर्ड असलं काही वापरत नाही. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरमध्ये दुधाचा हिशोब लिहायचे ना लोक, त्याच चौकोनात पेन्सिलीनं भाजीचं नाव लिहायचं. याचा एक मोठा फायदा असा की एकादशी, संकष्टी, कोणाचा उपवास, कोणाचा वाढदिवस हे त्याच चौकोनात आधीच छापलेलं किंवा लिहिलेलं असतं, त्यामुळे चतुर्थीला दोघांचाच रात्री उशिरा स्वयंपाक आहे आणि एकादशीला आईंना भगर लागणार आहे हे भाजीच्या वेळीच दिसतं. आणि नवऱ्याला, मुलीला विचारावं लागत नाही, सकाळी जो आधी उठेल तो चौकोन बघतो आणि भाजी चिरायला घेतो. आमच्या घरात भांडणं कमी झाली ती यामुळे, हे अगदी खरं सांगते. स्वयंपाक करणं एक काम आणि काय करायचं ते रोज ठरवणं हे दुसरं काम, आणि दुसरं कोणाला दिसत नाही म्हणून ते बाईच्याच डोक्यावर राहतं.

भाजी ठेवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण बाजार कितीही चांगला असला तरी घरी नीट ठेवलं नाही तर सगळं वाया. रविवारी दुपारी आम्ही तिघंजण तासभर याला देतो, मेथी निवडणं नवऱ्याकडे, मिरच्यांची देठं काढणं मुलीकडे. देठं काढलेल्या मिरच्या कोरड्या डब्यात खाली कागद घालून ठेवल्या की आरामात आठवडा ओलांडतात. कोथिंबीर या बाजारात मुळांसकट मिळते, मुळं तशीच ठेवून पेल्यात थोडं पाणी घालून उभी केली की दोन दिवस ओट्यावरच ताजी राहते, उरलेली निवडून सुती फडक्यात. कुठलीच भाजी धुवून ठेवायची नाही, चिखल असेल तर झटकायचा, धुवायचं चिरायच्या आधी. पिकलेले टोमॅटो, केळी, सफरचंद यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याच्या शेजारी पालेभाजी ठेवली की ती पिवळी पडते, म्हणून यांची जागा लांब. कांदे-बटाटे एका टोपलीत नको, दोन्ही लवकर खराब होतात. आणि बटाटे फ्रीजमध्ये नकोतच, गारव्यानं त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग काचऱ्या केल्या की गोडसर लागतात आणि लगेच काळ्या होतात. उजेडात ठेवलेल्या बटाट्याला हिरवा रंग चढला तर तेवढा भाग जाडसर कापून टाका, फारच हिरवा असेल तर अख्खा टाका, ते विषारी असतं.

किती आणायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दिवसाच्या ताटात माणशी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरलीत. चार माणसांचं सात दिवसांचं गणित केलं तर भाजीच ११ किलोच्या वर जाते. हा आकडा मी आमच्याकडे वाचून दाखवला तेव्हा सगळे गप्प झाले, कारण एवढी भाजी आपल्या घरांत खाल्ली जात नाही, आपण पोळी-भातावर पोट भरतो आणि भाजी तोंडी लावतो. आमचं हळूहळू वाढतंय, कोशिंबीर दोन्ही वेळेला केली की बराच फरक पडतो, काकडी, गाजर, मुळा, बीट, टोमॅटो, कांद्याची पात, दाण्याचं कूट आणि दही, पाच मिनिटांचं काम. तुम्ही सुरुवातीला तीन पालेभाज्या, चार फळभाज्या प्रत्येकी अर्धा किलो, एक मोठा कोबी आणि कोशिंबिरीचं दीड-दोन किलो एवढ्यावर सुरू करा, मग आपल्या घराचा अंदाज येतो.

दराबद्दल. काही गोष्टी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापेक्षा स्वस्त, काही त्याच भावात, एखादी महागसुद्धा. पालेभाजीच्या जुड्यांत फरक सगळ्यात जास्त जाणवतो, कारण जुडी इथे भरगच्च असते आणि निम्मी काड्या म्हणून टाकायला लागत नाही. मी घासाघीस करत नाही आणि करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. "मावशी, शेपू कशी दिली?" "घ्या ना ताई, रातीच काढलीया, सासवडकडनं आलोय." यावर अजून पाच रुपये कमी करा म्हणणं मला पटत नाही, ती बाई पहाटे चारला घरातून निघालेली असते. वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होतं, फक्त टोपली ठेवल्यावर काटा शून्यावर आहे ना तेवढं बघा, हे कुठेही बघावं.

दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपशी तुलना करायलाच हवी, कारण मुलगी रोज तेच म्हणायची, आई आता मागवलं की आता येतं, मग सात दिवसांचं कशाला आणायचं. ॲपचं ज्यात त्यात वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आयत्या वेळी पाहुणे आले, दही विरजायचं राहिलं, आलं संपलं, अशा वेळी ते उपयोगी आहेच आणि आम्हीही वापरतो. पण भाजीसाठी नाही. एक तर पाव किलोच्या पाकिटांत सगळं येतं, चार माणसांना दोन-तीन पाकिटं लागतात आणि तेवढं प्लास्टिक घरात. दुसरं म्हणजे हातात घेऊन बघता येत नाही, भेंडीचं टोक मोडून बघणं, दुधीला नख लावून बघणं, वांगं उचलून हलकं लागतंय का बघणं, हे सगळं गेलं. जड वांग्यात बिया जास्त असतात, भरताला हलकं घ्यायचं. आणि तिसरं माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं, ॲपवर रोजचं रोज मागवता येतं म्हणून ठरवणंही रोजचं रोज होतं, म्हणजे जो प्रश्न आठवड्यातून एकदा सोडवून टाकायचा तो परत सात वेळा समोर येतो, आणि भूक लागलेली असताना येतो. भाजी बघायला ॲप उघडायचं आणि चिप्स, आइस्क्रीम घेऊन बंद करायचं असं होतंच.

किराण्याचं वेगळं लिहीत नाही फार, तो महिन्याचा असतो आणि आठवड्याच्या गणितात त्याचा त्रास नसतो. एवढंच सांगते की डाळी, पोहे, रवा सुटे चांगले मिळत असतील तर सुटेच घ्या, जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळी-पिठांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला, सुट्या मालावर तो नाही. गहू आम्ही अजून एप्रिल-मेमध्ये वर्षाचा भरतो, तांदूळ इंद्रायणी, तो आमच्या बाजारात मावळातल्या एका शेतकरी गटाकडे मिळतो आणि फार छान असतो, ताजा असला तर पाणी जरा कमी घाला नाहीतर गिच्च होतो.

आता ऋतूंचं, ज्यासाठी मी हा बाजार कधीच सोडणार नाही. सुपरमार्केटमध्ये तुम्हाला आत्ता कोणता महिना चालू आहे ते कळत नाही, इथे डोळे मिटून वासावरून कळेल. डिसेंबर-जानेवारीत पुरंदरचा मटार, ओल्या तुरीच्या शेंगा, पावटा, हरभऱ्याचे गड्डे, गाजरं, बोरं, आणि भोगीच्या आदल्या रविवारी तर सगळ्या बाजारात एकच भाजी असल्यासारखं वाटतं, प्रत्येक गाळ्यावर भोगीच्या भाजीचं सामान. हे दोन महिने प्लॅनिंग सोपं, कारण सगळंच चांगलं आणि थंडीमुळे टिकतंही. मटार सोलून थोडा फ्रीझरमध्ये टाका, होळीनंतर उपयोगी पडतो.

एप्रिल-मे कठीण. पालेभाजी कमी, महाग, दुपारपर्यंत मान टाकते. तेव्हा आमच्याकडे कडधान्याचे दोन दिवस होतात आणि दुधी, भोपळा, काकडी, गवार यांवर भर, शिवाय कैरी असते, कैरीची डाळ, पन्हं, मेथांबा, त्यामुळे जेवणाला चव राहते. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की मुळशी-मावळकडच्या बायका रानभाज्या घेऊन येतात, टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं, पुढे करटोली. या यायच्या तेव्हाच येतात, यांचं काही आधी ठरवता येत नाही, आणि मेनू नंतर ठरवा असं मी का म्हणते त्याचं याहून चांगलं उदाहरण नाही. कशी करायची ते विकणाऱ्या मावशींनाच विचारा, शेवळं नीट केली नाहीत तर घसा खाजतो, त्याला काकडं, म्हणजे एक आंबट रानफळ, किंवा चिंच लागतेच, मावशी सोबत काकडं देतात पण.

आषाढात कांदेनवमी झाली की आमच्याकडे चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी बंद, आई पाळतात आणि आम्हीही घरात त्यांच्याबरोबर पाळतो, तेव्हा बुधवारचं वांगं जातं आणि तिथे पडवळ येतं. श्रावणात पालेभाजी पावसानं सडलेली असू शकते, जुडी सोडून मधली पानं बघितल्याशिवाय घेऊ नका. ऋषिपंचमीच्या आधी अळू, माठ, पडवळ, दोडका, भोपळा, कणसं सगळं एकदम चढतं, तसंच पितृपंधरवड्यात गवार, कारलं, भेंडी, अळू. या दिवसांत नैवेद्यापुरतं घ्या आणि बाकी जेवणाला कोबी, फ्लॉवर, उसळी लावा, खर्च बराच आटोक्यात राहतो. इतक्या वर्षांचे सणवार आणि त्यांच्या भाज्या आपल्याकडे ठरलेल्याच आहेत, आपलं कॅलेंडर म्हणजे निम्मा मेनू आधीच लिहिलेला आहे, फक्त तो बाजाराशी जोडायचा.

आता कापलेला अर्धा मार्क. पहिलं, सगळे गाळे शेतकऱ्यांचे नसतात. काही जण यार्डातूनच माल आणून बसतात. ओळखायची खूण सोपी, ज्याच्याकडे एकाच मोसमातल्या पाच-सहाच भाज्या आहेत, त्याही कमी-जास्त आकाराच्या, तो बहुतेक शेतकरी, आणि ज्याच्याकडे आलं-लिंबापासून ब्रोकोली-किवीपर्यंत सगळं मांडलेलं आहे तो शेतकरी असणं अवघड आहे. "गाव कुठलं दादा, यंदा पाऊस कसा झाला" असं विचारलं की दोन मिनिटांत कळतं. दुसरं, सेंद्रिय म्हणून पाट्या लावलेल्या असतात. प्रमाणपत्र असेल तर दाखवतात, पीजीएस-इंडिया नावाची गटानं मिळवायची पद्धत छोट्या शेतकऱ्यांसाठी आहे, ती माहीत असलेला शेतकरी आनंदानं सांगत बसतो. पाटीच फक्त असेल तर जास्तीचे पैसे देऊ नका, भाजी म्हणून चांगली असेल तर साध्या भावानं घ्या.

तिसरी गोष्ट मला खरंच खुपते. पहाटे निघून आलेल्या या बायकांना बाजाराच्या जागेत स्वच्छतागृह नाही, प्यायच्या पाण्याची सोय नाही, उन्हाळ्यात वर ताडपत्री त्यांची त्यांनाच बांधायची. आपण भाजी घेऊन तासाभरात घरी येतो, त्या दुपारपर्यंत तिथेच. आमच्या बाजाराशेजारच्या सोसायटीनं तळमजल्यावरचं स्वच्छतागृह रविवारी सकाळी उघडं ठेवायला सुरुवात केली, सेक्रेटरींना चार घरांनी भेटून सांगितल्यावर झालं. तुमच्या शेजारी बाजार भरत असेल तर हे नक्की करून बघा, फार खर्चाचं काम नाही.

पार्किंगचा त्रास आहे, पण पिशव्या घेऊन चालत जाता येत असेल तर काही प्रश्न नाही. आम्ही दोन मोठ्या कापडी आणि तीन-चार लहान पिशव्या नेतो, टोमॅटोसाठी एक कडक डबा, पालेभाजी सगळ्यात शेवटी घ्यायची म्हणजे ती वर राहते आणि चुरडत नाही. यूपीआय बहुतेकांकडे चालतं पण रेंज नसते कधीकधी, सुटे पैसे ठेवा. साडेआठच्या आधी पोचलात तर सगळं मिळेल, अकरानंतर भाव उतरतात पण तोपर्यंत पालेभाजी आणि भेंडी यांच्यात काही राम राहिलेला नसतो, तेव्हा घ्यायचीच तर टिकाऊ भाजी घ्या.

घरात दोघंच असाल, किंवा एकटं राहत असाल, तर या बाजारात एक अडचण येते, जुडी मोठी, कोबी मोठा, भोपळा तर विचारूच नका. आमच्या मजल्यावर दोन मुली भाड्यानं राहतात, त्या आणि शेजारच्या काकू मिळून घेतात, रविवारी जिन्यातच वाटणी होते, अर्धी मेथी इकडे, अर्धी तिकडे, भोपळ्याच्या तीन फोडी, आणि पैसे लगेच तिथल्या तिथे एकमेकींना पाठवून मोकळ्या. एकट्या माणसासाठी आठवड्याची भाजी जमवायचा मला तरी हाच मार्ग दिसतो, त्यात पाचऐवजी आठ प्रकारच्या भाज्या पोटात जातात आणि फ्रीजच्या तळाशी काही सडत राहत नाही.